निळ्या दिव्याचं मशीन रात्रभर तडतडतं, पण त्यात डास किती मरतात?

मिठाईच्या दुकानात पेढे घ्यायला उभं राहिलं की काउंटरच्या मागे भिंतीवर एक निळसर दिवा दिसतो. मध्येच 'तड्' असा आवाज येतो. गिऱ्हाईक एकदा वर बघतं आणि परत पेढ्यांकडे वळतं. पूर्वी हे मशीन हॉटेलं आणि मिठाईची दुकानं एवढ्यापुरतंच होतं. आता ते छोटं होऊन घराघरात आलंय. कुणी प्लगमध्ये खोचतं, कुणी मोबाइलच्या चार्जरवर चालवतं.

पावसाळ्यात सोसायटीत एखाद्याला डेंग्यू झाला की व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच कुठल्या तरी मशीनची लिंक पडते. मशीन येतं, रात्रभर चालतं, आणि सकाळी खालचा ट्रे ओढून बघितला तर मेलेल्या किड्यांचा थर साचलेला असतो. पैसे वसूल झाले असं वाटणारच.

पण त्या थरात डास किती असतात? हा प्रश्न काही शास्त्रज्ञांनाही पडला होता. त्यांनी ट्रेमधले किडे खरोखर एकेक करून वेगळे केले आणि मोजले.

13,789 किडे, त्यात चावणारे फक्त 31

1994 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, नेवार्क या गावाच्या उपनगरी भागात सहा ठिकाणी ही मशीन लावून त्यात मेलेले किडे गोळा करण्यात आले. टिमोथी फ्रिक आणि डेलावेअर विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांनी ही मोजणी केली आणि 1996 मध्ये ती प्रसिद्ध झाली.

एकूण किडे निघाले 13,789. त्यात माणसाला चावणारे, म्हणजे डास आणि चावऱ्या चिलटांसारखे सगळे मिळून, फक्त 31. टक्केवारी काढली तर 0.22. हजार किडे मेले तेव्हा त्यात जेमतेम दोन चावणारे होते.

मग बाकीचे कोण होते? 6,670, म्हणजे जवळपास निम्मे, पाण्यात वाढणारे आणि माणसाला न चावणारे किडे होते. आसपासच्या ओढ्यांमधून आलेले. मासे आणि पक्षी यांच्यावर जगतात. आणखी 1,868 किडे तर शेतकऱ्याच्या भाषेत 'मित्रकीटक' होते. दुसऱ्या किड्यांना खाणारे भुंगेरे, पिकावरच्या अळ्यांमध्ये अंडी घालून त्यांना संपवणाऱ्या बारीक गांधीलमाश्या, असे. म्हणजे घरमालकाने पैसे आणि वीज खर्चून 31 शत्रू मारले आणि त्याच वेळी शत्रूचे 1,868 शत्रूही मारले.

यावर कुणी म्हणेल, एका गावात डास कमी असतील. पण त्याच्या दहाएक वर्षं आधी इंडियाना राज्यातल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या संशोधकांनीही हेच तपासलं होतं. त्यांना मेलेल्या किड्यांमध्ये डासांचं प्रमाण थोडं जास्त, म्हणजे 4 ते 6 टक्क्यांच्या आसपास सापडलं. पण त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली, आणि घरातल्या माणसाला खरं तर तीच हवी असते. मशीन लावलेल्या अंगणात डास कमी झाले का? तर नाही. मशीन असलेल्या आणि नसलेल्या अंगणांमधल्या डासांच्या संख्येत लक्षात घेण्यासारखा फरक नव्हता.

मशीन नीट चालत होतं. ते किडे मारत होतं. फक्त ज्यासाठी ते विकत आणलं होतं ते किडे त्याच्याकडे येतच नव्हते.

दिव्याकडे येणारे वेगळे, माणसाकडे येणारे वेगळे

हे समजून घ्यायचं तर डासाचं गिऱ्हाईक कोण, ते बघायला हवं. चावते ती मादी. अंडी तयार करण्यासाठी तिला रक्तातली प्रथिनं लागतात. नर फुलांचा रस पिऊन जगतो, त्याला माणसाशी काही देणंघेणं नसतं. रक्त शोधायला निघालेली मादी दिवा शोधत नाही. माणूस श्वास सोडतो त्यातला कार्बन डायऑक्साइड तिला दुरूनच कळतो. त्या वासाच्या दिशेने ती जवळ आली की मग घामातलं लॅक्टिक ॲसिड, त्वचेचा वास आणि अंगाची ऊब यांवरून ती नेमकी कुठे बसायचं ते ठरवते. खोलीत एका कोपऱ्यात निळा दिवा आणि दुसऱ्या कोपऱ्यात झोपलेला माणूस असेल, तर तिच्या दृष्टीने माणूस हाच जास्त ठळक असतो.

हे डासांवर काम करणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. संशोधनासाठी डास पकडायचे असतात तेव्हा ते एक छोटा दिवा आणि पंखा असलेला सापळा वापरतात, पण सोबत कोरडा बर्फ ठेवतात. कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. त्याची वाफ निघत राहते आणि डासांना वाटतं कुणी तरी श्वास घेतंय. नुसत्या दिव्यापेक्षा असे डास कितीतरी जास्त सापडतात. आणि डेंग्यूचा डास पकडायचा असेल तर जे सापळे लावतात त्यात बऱ्याचदा दिवाच नसतो. असतो तो माणसाच्या घामासारखा वास.

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास तर दिवसा चावतो. सकाळी उजाडल्यानंतर आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आधी त्याचा जोर जास्त. उरलेला वेळ तो पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटाच्या सांदीत, म्हणजे मुद्दाम अंधाऱ्या जागी बसून राहतो. अशा डासासाठी रात्री दहा वाजता दिवे बंद करून निळं मशीन लावायचं म्हणजे चोर दुपारी येऊन गेल्यावर रात्रीचा वॉचमन ठेवण्यासारखं झालं. रात्री चावणारा, गटारात वाढणारा आणि हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स हा डास त्या मानाने यात सापडू शकतो. पंखा लावून किडे आत ओढणाऱ्या मशीनच्या जाळीत जे थोडे डास दिसतात, त्यात तो असू शकतो. पण तोही खोलीतल्या माणसाला सोडून दिव्याकडे जाईल, याची खात्री नाही.

मग दिव्यावर येतात ते इतके सगळे किडे का येतात? कुणी म्हणायचं त्यांना तो चंद्र वाटतो, कुणी म्हणायचं ते उबेला येतात. 2024 च्या जानेवारीत 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासाने वेगळंच दाखवलं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधले सॅम्युएल फेबियन, भारतीय वंशाचे यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत आणि कोस्टारिकाच्या जंगलात दिव्याभोवती उडणाऱ्या किड्यांचं वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण केलं. तेव्हा दिसलं की किडे सरळ दिव्याकडे झेप घेतच नाहीत. ते आपली पाठ दिव्याकडे करतात.

कारण असं की लाखो वर्षं रात्रीसुद्धा वरची बाजू, म्हणजे आकाश, हीच जास्त उजळ असायची. पाठ उजेडाकडे ठेवली की आपण सरळ उडतोय, एवढं गणित त्या चिमुकल्या मेंदूला पुरत होतं. त्यात आपण मध्येच बल्ब लावला. आता किडा पाठ बल्बकडे वळवतो, त्यामुळे तिरका होतो, वळतो, परत पाठ वळवतो आणि गोल गोल फिरत राहतो. दिवा खाली असेल तर चक्क उलटा होऊन आदळतो. पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटखाली वाळवीच्या पाखरांचा जो गोंधळ उडतो आणि भिंतीवरच्या पालीची जी चंगळ होते, त्यामागे हाच घोटाळा आहे.

आत नेमकं होतं काय?

मशीनची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. 'पॉप्युलर मेकॅनिक्स' या अमेरिकी मासिकाच्या ऑक्टोबर 1911 च्या अंकात डेन्व्हरच्या दोघांनी बनवलेल्या विजेच्या माशी-सापळ्याची माहिती आली होती. पाच बल्ब, भोवती तारांची जाळी, जाळीत 450 व्होल्ट आणि माश्यांनी यावं म्हणून आत मांसाचा तुकडा. प्रकरण एवढं महाग होतं की ते व्यवहारात चालणार नाही, हे तेव्हाच मान्य केलं गेलं. पुढे 1930 च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाचे परजीवीशास्त्राचे प्राध्यापक विल्यम हर्म्स यांनी फळबागांवरच्या किड्यांसाठी असं यंत्र आणलं आणि नंतरची मशीन साधारण त्याच धर्तीवर बनत गेली. म्हणजे या यंत्राच्या जन्माची कारणं माश्या आणि फळांवरचे किडे ही होती. डास त्यात नंतर घुसवला गेला.

आतली रचना आजही सोपी आहे. मध्ये अतिनील किरणं सोडणारी ट्यूब. आपल्याला दिसतो तो निळसर जांभळा उजेड हा निव्वळ उरलासुरला भाग. खरा माल आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, किड्यांना मात्र तो लख्ख दिसतो. ट्यूबसमोर तारांची जाळी, आणि शेजारशेजारच्या तारांमध्ये दोनेक हजार व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब. हवा सहसा वीज वाहून नेत नाही. एका मिलिमीटर हवेतून ठिणगी पडायला साधारण 3,000 व्होल्ट लागतात, त्यामुळे दोन तारांमधल्या काही मिलिमीटरच्या फटीत एरवी काहीच घडत नाही. किडा त्या फटीत आला की त्याचं ओलसर शरीर पुलाचं काम करतं, त्यातून वीज जाते आणि आपल्याला 'तड्' ऐकू येतं.

या आवाजात एक मेख आहे. किडा जितका मोठा तितका आवाज मोठा. चांगला गलेलठ्ठ भुंगेरा अडकला तर अर्धा मिनिट चरचरत राहतो. डास पडला तर आवाज जेमतेम. त्यामुळे रात्रभर मशीन जोरात तडतडलं याचा अर्थ बहुतेक वेळा डास सोडून बाकीचे बरेच किडे मेले असा होतो.

पेढ्यांच्या वर दिवा नको

घरमाशीची गोष्ट मात्र वेगळी. तिला अतिनील प्रकाश खरोखर खेचतो आणि ती दिवसा फिरते, म्हणून हॉटेल-दुकानांत या दिव्यांचा उपयोग आहे. अडचण आहे ती विजेच्या जाळीची.

माशी जाळीवर फुटते तेव्हा तिचे बारीक कण हवेत उडतात. कॅन्सस स्टेट विद्यापीठातल्या जेम्स अर्बन आणि अल्बर्टो ब्रोस यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माश्यांवर जिवाणू आणि विषाणू सोडून मग त्यांना अशा मशीनमध्ये मारलं. माशी मेली तरी जंतू सगळे मेले नाहीत, काही जिवंतपणे हवेत मिसळले. माशीच्या पोटात असलेल्यांपेक्षा अंगाला बाहेरून चिकटलेले जास्त सुटले. प्रमाण फार मोठं नव्हतं, पण माशी आधी कुठे बसून आलेली असते हे सांगायची गरज नाही. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न नियमावलीत असं मशीन जिथे अन्न तयार होतं त्याच्या वर लावायला मनाई आहे आणि मेलेला किडा मशीनच्या आतच राहिला पाहिजे अशी अट आहे.

आपल्याकडे वडे तळणाऱ्या कढईच्या बरोबर डोक्यावर हा दिवा टांगलेला दिसतो. जागा तीच मोकळी असते, हे कारण. अलीकडे बऱ्याच ठिकाणी जाळीऐवजी चिकट पट्टीचे दिवे आलेत. त्यात माशी दिव्याकडे येते आणि पट्टीला चिकटते. ठिणगी नाही, कण उडणं नाही. 'तड्' असा आवाजही नाही, त्यामुळे गिऱ्हाइकावर छाप पडत नाही हा तोटा.

मग बॅट का चालते?

बॅटने मात्र डास मरतात, हा घराघरातला अनुभव आहे आणि तो खरा आहे. बॅटमध्ये दिव्याने डास बोलावण्याची भानगडच नाही. डास शोधायचं काम माणूस करतो. किंवा माणसाकडे येऊन डासच ते सोपं करतो.

हातात धरायच्या या बॅटचं पेटंट 1996 चं, तैवानच्या त्साओ-ई शिह यांच्या नावावर. मुठीतल्या छोट्या बॅटरीचा दाब आतलं सर्किट शेकडो-हजार व्होल्टपर्यंत चढवतं आणि तो कपॅसिटरमध्ये साठवतं. बटण सोडल्यावरही थोडा वेळ झटका बसतो तो या साठवणीमुळे. लहान मुलांच्या हातात बॅट देताना हे लक्षात असलेलं बरं. चांगल्या बॅटला तीन जाळ्या असतात, बाहेरच्या दोन बोट आत जाऊ नये म्हणून. भारतात स्वस्त आयात बॅटांचा एवढा पूर आला की एप्रिल 2021 मध्ये केंद्र सरकारने 121 रुपयांपेक्षा कमी आयात किमतीच्या बॅट आणायला बंदी घातली.

बॅटची एक जागा मात्र कायमची चुकीची, ती म्हणजे गॅसचा वास येत असलेलं स्वयंपाकघर. 2020 मध्ये फ्रान्समधल्या पार्कूल-शनो या गावात ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ जेवायच्या वेळी एका माशीच्या मागे बॅट घेऊन लागले. घरात सिलिंडर गळत होता. ठिणगी पडली, स्फोट झाला, स्वयंपाकघर उद्ध्वस्त झालं आणि छताचंही नुकसान झालं. त्यांचा हात भाजण्यावर निभावलं.

शेतात हाच दिवा कामाचा

दिव्याला सरसकट नावं ठेवण्यातही अर्थ नाही. हुमणीने ऊस, भुईमूग किंवा सोयाबीन खाल्लेल्या शेतकऱ्याला विचारा. हुमणीची अळी जमिनीत राहून मुळं कुरतडते, तिथे औषध पोहोचवणं कठीण. पण वळवाच्या किंवा पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर पाला खायला जातात. हे भुंगेरे दिव्यावर झडप घालतात. म्हणून कृषी विभाग दरवर्षी प्रकाश सापळे लावायला सांगतो. एक बल्ब, खाली घमेल्यात पाणी आणि पाण्यात थोडं रॉकेल. अंडी घालायच्या आधी भुंगेरे मेले तर पुढच्या अळ्याच होत नाहीत.

इथे दिवा का चालतो? कारण नेमका कुठला किडा, कुठल्या आठवड्यात आणि दिवसाच्या कुठल्या वेळेला येणार हे आधी माहीत असतं. तरीही सापळा रात्रभर चालू ठेवू नका असंच सांगितलं जातं, नाही तर मित्रकीटकही घमेल्यात पडतात. घरातल्या मशीनला ना किडा माहीत, ना वेळ.

मशीन घरात असेलच तर

डेंग्यूच्या डासाचा पत्ता बहुतेक वेळा घरातच असतो. फ्रिजच्या मागचा ट्रे, कुलरची टाकी, कुंडीखालची थाळी, मनी प्लांटची बाटली, गच्चीवरचं टायर, झाकण नसलेलं पिंप. स्वच्छ, साचलेलं पाणी त्याला लागतं. अंड्यातून डास बाहेर यायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यावरूनच आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायचं ठरलंय. त्या दिवशी नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून घासायचं. खिडक्यांना जाळी, दुपारी झोपणाऱ्या बाळाला मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि अंगावर थेट वारा येईल असा पंखा. डास उडण्यात इतका कच्चा असतो की पंख्याच्या वाऱ्यात त्याला नीट बसता येत नाही. श्वासाचा वासही वाऱ्याने पांगतो.

आणि मशीन आधीच घेतलं असेल तर? बाल्कनीत किंवा उघड्या खिडकीजवळ ते ठेवू नका, बाहेरचे किडे उलट घराकडे येतात. माणसं बसतात तिथून आणि जेवणाच्या टेबलापासून लांब ठेवा. बाकीचे दिवे चालू असताना त्याचा काही उपयोग होत नाही. ट्रे वेळच्या वेळी साफ करा, नाही तर मेलेल्या किड्यांवर मुंग्या आणि झुरळं येतात. शिवाय ट्यूबवाल्या मशीनचा अतिनील प्रकाश सततच्या वापराने वर्षभरात बराच उतरतो. निळा उजेड मात्र तसाच दिसत राहतो. हॉटेलात चार-चार वर्षं एकच ट्यूब जळत असते ती त्यामुळेच, मालकाला वाटतं मशीन चालू आहे.